तंबाखू आणि विषमतेवर काम करणारी नवी माणसं घडवायची असतील, तर ट्रस्टने पैसे कुठे घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरमध्ये तुमच्या कुटुंबाचा छोटा धर्मादाय ट्रस्ट आहे, वडील तोंडाच्या कर्करोगाने गेले, आणि वर्षाला साधारण २५ लाख रुपये खर्च करता येतील. तंबाखूचा मार गरिबांवरच जास्त का बसतो, याचा अभ्यास करणारे तरुण संशोधक तयार व्हावेत अशी इच्छा आहे. मग शिष्यवृत्त्या द्याव्यात, कार्यशाळा भरवाव्यात, की एखाद्या संस्थेला एकरकमी देणगी द्यावी?

मी सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्रातली. मुंबईच्या वस्त्यांमध्ये सर्वेक्षणं केली आहेत, निवड समित्यांवर बसले आहे, आणि देणगीदार व संस्था यांच्यामधल्या खुर्चीतही बरीच वर्षं काढली आहेत. माझं मत सरळ सांगते. कार्यशाळा नको. एकरकमी देणगीही नको. दोन माणसांचा दीड वर्षाचा पूर्ण वेळ विकत घ्या, त्याबरोबर त्यांना शिकवणाऱ्या ज्येष्ठांचाही थोडा वेळ विकत घ्या, आणि दोघांना आधीपासून चालू असलेल्या एखाद्या अभ्यासाला जोडून द्या. त्यापुढचं सगळं याच्या तपशिलात आहे.

कार्यशाळांबद्दल माझा आकस का, ते आधी सांगून टाकते. तीन दिवस, हॉटेलातलं सभागृह, प्रमाणपत्र, समूह छायाचित्र, आणि चाळीस ‘प्रशिक्षित’ लोक. अहवालात हा आकडा छान दिसतो. पण नमुना निवड, प्रश्नावली किंवा आकडेवारीचं विश्लेषण हे ऐकून येत नाही. स्वतःची प्रश्नावली वस्तीत फसलेली पाहून, ती दुरुस्त करून येतं. शिवाय जे ऐकून शिकता येतं ते आता फुकट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा तंबाखू नियंत्रणावरचा मोफत अभ्यासक्रम आहे. त्यासाठी ट्रस्टचा रुपयाही लागत नाही.

आता नेमकी पोकळी कुठे आहे ते पाहा, कारण जिथे सरकारी पैसा आहे तिथे तुमचे २५ लाख दिसणारही नाहीत. एमबीबीएस किंवा बीडीएसला असलेल्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना आहे. पीएचडीला नोंदणी झाली की दारं बरीच उघडतात: यूजीसी आणि आयसीएमआरची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, आणि आपल्या राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. पीएचडी झाल्यावर डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्ससारख्या (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या) मोठ्या फेलोशिप आहेत. मधली पायरी मात्र रिकामी आहे. पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण संपलं, विषयाची ओढ लागली, पण अजून शोधनिबंध नाही, मार्गदर्शक नाही, नेट परीक्षा झालेली नाही, पीएचडीची नोंदणी नाही. या एक-दोन वर्षांत माणूस टिकला तर संशोधक होतो. नाही टिकला, तर दंतवैद्य एखाद्या साखळी दवाखान्यात पगारावर लागते आणि समाजकार्याची पदवीधर कुठल्यातरी एनजीओत एक्सेल भरत बसते. ज्यांच्या घरी दोन वर्षं कमाईशिवाय भागतं ते तरून जातात, बाकीचे गळतात. विषमतेचा अभ्यास करायला उरतात ते विषमता न भोगलेले. हा गाळणीचा दोष तुमच्या पैशाने थोडा तरी कमी होऊ शकतो.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९८८ साली मतदारांनी ‘प्रपोझिशन ९९’ मंजूर केलं. सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट जादा कर लागला आणि त्यातले ५ टक्के संशोधनासाठी राखले गेले. त्यातून तंबाखूजन्य आजारांच्या संशोधनाचा एक स्वतंत्र कार्यक्रम उभा राहिला, तो आजही चालू आहे. त्यात एक पूरक अनुदान आहे, माझ्या मते सगळ्यांत हुशार कल्पना तीच. ज्या प्राध्यापकाला आधीच संशोधनाचा निधी मिळालेला आहे, तो वंचित समाजातल्या एखाद्या नवख्याला प्रकल्पात घेण्यासाठी वरचे पैसे मागू शकतो. नवख्याने स्वतःचा प्रकल्प शून्यातून उभारायची गरज नाही. नीतिसमितीची (संशोधनात लोकांवर अन्याय होत नाही ना, हे तपासणाऱ्या समितीची) मान्यता, क्षेत्रात काम करणारी माणसं, विश्लेषक, सगळं तयार असतं, त्याने त्यातला एक प्रश्न उचलायचा. (या कराची एक गंमत अशी की लोकांनी सिगारेट सोडली की निधी आटतो. तसा तो आटतच गेला, म्हणून २०१६ मध्ये नव्या प्रस्तावाने दोन डॉलर आणखी लावावे लागले.)

आपल्याकडे तंबाखूवर कर आहे, पण त्यातला ठरावीक वाटा संशोधक घडवायला बाजूला काढलेला नाही. आणि बाहेरचा पैसा आता भरवशाचा राहिलेला नाही. मुंबई परिसरातल्या कारखान्यांमध्ये कामगारांची तंबाखू सोडवण्याचा जो मोठा अभ्यास झाला, त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा निधी होता. त्याच अमेरिकेने मे २०२५ मध्ये आपल्या आरोग्य संशोधन अनुदानांतून परदेशी संस्थांकडे जाणाऱ्या उपअनुदानांची जुनी पद्धत थांबवली. अशा वेळी दादरचा एक ट्रस्ट दोन माणसांना दीड वर्ष पोसायला तयार आहे, ही बाब तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

मुंबईत जोडून द्यायला जागा आहेत का? भरपूर. आणि इतक्या जवळजवळ की नकाशा पाहून अस्वस्थ व्हावं. देशाचं पहिलं जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण २००९-१० मध्ये देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलं, दुसरं २०१६-१७ मध्ये देवनारच्याच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने. दोन्ही संस्था एम पूर्व विभागात येतात. शहराच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्यांत तळाला होता तो हाच विभाग: गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर. देशाच्या तंबाखूची मोजदाद जिथे होते, त्या कुंपणापलीकडच्या गल्लीत काय चाललंय हे त्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून कळत नाही. ते राज्यापर्यंतच आकडा देतं. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखू वापरत होते, धूर काढणारे अवघे ३.८ टक्के, बाकी सगळा खेळ चघळण्याचा आणि दाताला लावण्याचा. वॉर्डाचा आकडा हवा असेल तर कुणीतरी गल्लीत जायला हवं, आणि तो कुणीतरी म्हणजे तुमचा नवखा.

खारघरला टाटा स्मारक केंद्राचं कर्करोग साथरोगशास्त्र केंद्र आहे, नवी मुंबईत हीलिस-सेखसरिया संस्था आहे, परळला केईएम रुग्णालयाचा सामुदायिक वैद्यकशास्त्र विभाग, मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय. यांपैकी कुठे आत्ता कोणता अभ्यास चालू आहे आणि कुणाकडे शिकवायला वेळ आहे, हे फोन करून नाही, जाऊन बसून विचारा. ‘वेळ आहे का’ हाच प्रश्न महत्त्वाचा. नामवंत मार्गदर्शकाच्या हाताखाली आधीच बरेच विद्यार्थी असतात. तुमच्या नवख्याला तो महिन्यातून एकदा कॉरिडॉरमध्ये भेटेल. मला विचाराल तर पस्तिशी-चाळिशीतला, स्वतः अजून क्षेत्रात उतरणारा मार्गदर्शक निवडा, आणि त्याच्या वेळेचे पैसे त्याच्या संस्थेला द्या. आपल्याकडे मार्गदर्शन हे पुण्यकर्म समजलं जातं. पुण्यकर्म माणूस फावल्या वेळात करतो.

आता हिशोब. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडे वेगळं. त्याच्या खाली जाऊ नका. घरभाडं धरून महिना ४५,००० म्हणजे दोघांचे वर्षाला १० लाख ८० हजार. मार्गदर्शकाच्या वेळेपोटी संस्थेला प्रत्येकी महिना १५,०००, म्हणजे ३ लाख ६० हजार. क्षेत्रकामासाठी प्रत्येकी दोन लाख. यात वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकांचं मानधन धरा, कारण दार उघडतं ते त्यांच्या ओळखीवर, आणि त्या उन्हात फिरतात त्याचं मोल चहा-वड्यात होत नाही. संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला, नीतिसमितीचं शुल्क, भाषांतर, एखादी परिषद यांना दोन लाख. संस्थेचा प्रशासकीय खर्च १० टक्के. सगळं मिळून साडेबावीस लाखांच्या आत बसतं. उरलेल्या अडीच लाखांना हात लावू नका, ते कशासाठी हे पुढे सांगते.

दीड वर्ष का, बारा महिने का नाही? कारण नीतिसमितीची मंजुरी दोन ते चार महिने घेते. महापालिकेच्या शाळेत किंवा दवाखान्यात काम असेल तर तिथली परवानगी वेगळी. जून-जुलै आला की वस्तीत पाणी शिरतं, प्रश्नावल्या भिजतात, आणि घरातल्या माणसाला छपरावरच्या ताडपत्रीची काळजी असताना तुम्ही किती पुड्या खाता हे विचारणं शोभत नाही. बारा महिन्यांचं अनुदान असलं की नवखा आठव्या महिन्यात क्षेत्रात उतरतो आणि दहाव्या महिन्यात अहवाल लिहितो. वाचणाऱ्याला ते कळतं.

मंजुरीची वाट पाहण्याचे महिने वाया जायचं कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मूळ माहिती नोंदणी करून मोफत मिळते. त्यात पुरुष-स्त्रियांचा तंबाखू वापर आहे, शिक्षण आहे, जात आहे, कुटुंबाची सांपत्तिक पातळी आहे. पहिले चार महिने नवख्याने त्यावरच एक प्रश्न सोडवावा. आकडे हाताळायची सवय लागते, आणि दीड वर्षाच्या शेवटी क्षेत्रकाम फसलंच तरी हातात एक निबंध असतो.

आणि जुने मुंबईचे अभ्यास वाचायला लावा. १९९० च्या दशकात शहर भागातल्या ३५ वर्षांवरील लोकांचं मोठं सर्वेक्षण झालं, तेही हातात मावणाऱ्या संगणकावर, मोबाइलच्या कितीतरी आधी. पहिल्या ९९,५९८ जणांत तंबाखू वापरणारे पुरुष ६९ टक्के आणि स्त्रिया ५७ टक्क्यांहून जास्त निघाल्या. स्त्रियांचा वापर जवळपास सगळा धूरविरहित. शिक्षण जितकं कमी तितका वापर जास्त, ही उतरंड तेव्हाच लख्ख दिसली होती. पुढे एक लाख ४८ हजारांवर लोकांचा हा गट वर्षानुवर्षं पाहून मृत्यूंचा हिशोब लागला. पण नवख्याला मी वेगळाच प्रश्न विचारते: यात कोण नाही? नावं मतदारयाद्यांतून घेतली होती, आणि सुरक्षारक्षक आत सोडत नाहीत म्हणून श्रीमंत इमारती वगळल्या होत्या. म्हणजे वरचा थर नाही, आणि यादीत नाव नसलेला अगदी खालचा थरही नाही. फुटपाथवरचा, नाक्यावर उभा राहणारा, काल गावाहून आलेला. विषमता मोजायला निघालेल्या माणसाला दोन्ही टोकं निसटतात कशी, हे कळलं की तो स्वतःचा नमुना जपून निवडतो.

दुसरा अभ्यास गरोदर बायकांचा. मुंबईतल्या १,२१७ जणींचा पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री किंवा इतर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. हा निबंध मी मुद्दाम देते, कारण तंबाखू म्हटलं की सगळे पुरुषाच्या तोंडाकडे पाहतात. दहा बाय बाराच्या खोलीत सासू समोर बसलेली असताना सुनेला मिश्रीबद्दल खरं उत्तर देता येईल अशी वेळ आणि जागा कशी शोधायची, हे कुठल्याही परदेशी अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. ते अभ्यासक्रम पाकिटं आणि वर्षं मोजतात. इथे नळाला पाणी कधी येतं हे माहीत असावं लागतं.

निवड करताना एकच आग्रह: अर्ज आणि मुलाखत मराठीत किंवा हिंदीतही चालेल असं जाहिरातीत छापा. इंग्रजीतल्या सुरेख अर्जावर निवड केली की तीच ती पाच-सहा महाविद्यालयं येतात. पदवीचंही बंधन ढिलं ठेवा. डॉक्टर-दंतवैद्य हवेतच, पण परिचारिका, समाजकार्य, मानववंशशास्त्र, संख्याशास्त्र इथूनही माणसं येऊ द्या. आकडेमोड शिकवता येते. वस्तीतल्या बाईशी अर्धा तास निवांत बोलता येणं शिकवणं फार कठीण. मुलाखतीत मी गुण विचारत नाही, एखाद्या पानटपरीवर तासभर पाठवते आणि काय दिसलं ते लिहून आणायला सांगते. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. कुणी ‘बंदी आहे, त्यामुळे मिळत नाही’ असं लिहून आणलं तर तो टपरीवर गेलेला नाही. चांगला उमेदवार किंमत, पुड्या, कोण घेतं, किती वाजता घेतं, हे सगळं लिहितो.

मंजुरीपत्रात तीन गोष्टी पक्क्या करा. पहिली, निबंधावर पहिलं नाव नवख्याचं असेल, मार्गदर्शकाचं शेवटी. दुसरी, निष्कर्ष मराठीत एका पानावर वस्तीत वाटले जातील, त्याचा खर्च अंदाजपत्रकात आहे. तिसरी सर्वांत महत्त्वाची: तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पुरतं उघडत नसेल (या कर्करोगाआधीच्या खुणा असू शकतात), तर त्या माणसाला कुठे पाठवायचं हे क्षेत्रकाम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. कोणत्या ओपीडीत, कोणत्या वारी, कुणाच्या नावाने. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेल्या रोजीचा काही भाग प्रकल्पाने द्यावा. सोडायची इच्छा असणाऱ्यांना १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक द्यावा. नोंद करून पुढच्या घरी जाणं हे संशोधन नाही.

पैशाच्या उगमाबद्दलही बोलायला हवं. तंबाखू किंवा पानमसाला कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून (सीएसआर) भागीदारी पुढे आली तर नम्रपणे नाही म्हणा, नाव शाळा-दवाखान्याचं असलं तरी. ही सोवळ्याची बाब नाही, नवख्याच्या कारकिर्दीची आहे. ‘टोबॅको कंट्रोल’ हे या विषयातलं मुख्य नियतकालिक उद्योगाच्या पैशाने झालेलं काम छापत नाही. आणि उद्योग नेहमी स्वतःच्या नावाने येतोच असं नाही: २०१७ साली ‘धूरमुक्त जग’ असं नाव घेऊन आलेल्या प्रतिष्ठानामागे फिलिप मॉरिस कंपनीचे पैसे होते, २०२४ मध्ये त्याने नाव बदललं. मंजुरीपत्रात नवख्याकडूनही हेच लिहून घ्या. जाता जाता, ट्रस्टचा कायम निधी म्युच्युअल फंडात असेल तर त्याची यादी एकदा काढून पाहा. निर्देशांकावर चालणाऱ्या बऱ्याच फंडांत सिगारेट बनवणारी कंपनी असते. नंतर कुणी दाखवून देण्यापेक्षा आधीच विश्वस्तांच्या बैठकीत ठरलेलं बरं.

कायद्याचं थोडक्यात. ट्रस्टच्या घटनेत शिक्षण किंवा वैद्यकीय मदत हे उद्दिष्ट आहे ना ते पाहा. नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे बदलाचा अर्ज करावा लागेल. दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेल्या देणगीचे ८५ टक्केच तुमचा खर्च म्हणून धरले जातात, हा २०२३ च्या वित्त कायद्यातला बदल सीएच्या कानावर घाला. थेट नवख्याच्या खात्यात शिष्यवृत्ती आणि संस्थेला फक्त बाकी खर्च, अशी विभागणी केली तर हा प्रश्नही हलका होतो आणि पगार संस्थेच्या लेखा विभागात अडकत नाही. अमेरिकेचा नागरिक झालेला मामेभाऊ हातभार लावू म्हणाला तर परदेशी देणगीची परवानगी असल्याशिवाय ट्रस्टने ते पैसे घेऊ नयेत. आणि २०२० पासून परवानगी असलेल्या संस्थेलाही ते पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत.

आता ते बाजूला ठेवलेले अडीच लाख. दीड वर्ष संपताना तुमची नवखी पीएचडीची मुलाखत देऊन आलेली असेल, अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज केलेला असेल. निकाल, नोंदणी, पहिला हप्ता यांत सहा-सहा महिने जातात. नेमके तेव्हाच लोक सुटतात. त्या रकमेतून दोघांना जेमतेम तीन महिने तरी निभावून नेता येतं. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी समिती काही नको. मार्गदर्शकाचं एक पत्र पुरे.

यशाचं माप म्हणून निबंधांची संख्या मागू नका. मागितलीत तर मिळेल, पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं ढिगाने आहेत. तीन वर्षांनी ते दोघं याच विषयात आहेत का, एवढंच विचारा.

या सगळ्यासाठी विश्वस्तांनी किमान तीन वर्षांचा, म्हणजे दोन तुकड्यांचा शब्द द्यायला हवा. तो देता येत नसेल, फक्त यंदाचेच २५ लाख असतील, तर नवी माणसं घेऊच नका. तेच पैसे आधीच या कामात असलेल्या, पण अधिछात्रवृत्तीचा हप्ता थकल्याने किंवा प्रकल्प मध्येच बंद पडल्याने अडकलेल्या आठ-दहा जणांना तीन-चार महिन्यांच्या पुलासाठी द्या. वर सांगितलेल्या विभागांत विचारलंत तर अशी नावं आठवड्याभरात मिळतील.